गाईनं न खाल्लेल्या वड्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या यांना अर्धंमुर्धं ठाऊक आहे, ते का ते पुढे सांगते. पण पहिल्यापासून सगळं — कुणालाच नाही. बहिणीला नाही, देवाला तर नाहीच. दर गुरुवारी त्याच्यासमोर टाळ घेऊन बसते आणि हे आठवलं की डोळे मिटून घेते. शेजारच्या बायकांना वाटतं, काय तल्लीन झालीय. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही.

गोष्ट खाण्याची आहे. हसाल तुम्ही. हसा — मीसुद्धा हसते कधीकधी.

आधी माझं सांगायला हवं. मला स्वयंपाक येतो. म्हणजे माझ्या हातचं खाऊन माणसं जगली आहेत, मोठी झाली आहेत. पण कुणी बोटं चाटली असं कधी झालं नाही. आम्ही मूळचे पारनेरकडचे. हे नागापूरला कारखान्यात लागले आणि आम्ही एमआयडीसीच्या अलीकडे घर बांधलं, त्याला तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत आमच्या भजनी मंडळात माझ्या नावावर एकच पदार्थ — शंकरपाळी. तीही का लक्षात राहिली? एका दिवाळीला ती खाताना गोदाकाकूंची दाढ हलली म्हणून. गोदाकाकू मंडळाच्या प्रमुख, पाथर्डीकडच्या, आवाज असा की माईक लागत नाही. त्या दिवाळीनंतर माझा डबा दिसला की त्या म्हणायच्या, "विमलची शंकरपाळी हाय व्हय? थांबा, खलबत्ता आणा कुनीतरी." बायका हसायच्या. मीपण हसायचे. काय करणार?

मग सागरचं लग्न झालं आणि प्राजक्ता घरात आली. संगमनेरची. इथेच एका कंपनीत माल तपासायच्या विभागात नोकरी. माहेराहून येताना तिनं एक ओव्हन आणला. हे त्याच्या काचेतून आत बघत म्हणाले, "यात बातम्या लागतात का?" ती खळखळून हसली. पोरगी चांगली आहे हो — हेच तर अवघड आहे. वाईट असती तर मला हे सगळं सांगावं लागलं नसतं.

एका रविवारी तिनं त्या ओव्हनमध्ये काहीतरी केलं. खाली बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून घट्ट दाबून बसवलेला. त्यावर क्रीम चीज आणि साखर फेटून केलेला पांढराशुभ्र थर. त्यावर राहात्याच्या गुलाबी पेरूचा आटवलेला गर. आणि सगळ्यात वर लोणी-मैद्याचा रवाळ चुरा, भाजून सोनेरी झालेला. गार करून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून चौकोनी तुकडे कापले. ती त्याला 'फ्रूट बार' म्हणाली. मी एक खाल्ला. खरं सांगू? मला राग आला. इतकं चांगलं होतं ते.

"आई, पुढच्या गुरुवारी मंडळात न्याल का?" तिनं विचारलं. तिला स्वतःला कामावर जायचं होतं. बुधवारी घरी आल्यावर तिनं परत सगळा घाट घातला आणि गुरुवारी मी ताट झाकून निघाले.

त्या दिवशी भजन कसं संपलं ते आठवत नाही. ताटावरचं फडकं काढलं, बायकांनी एकेक तुकडा उचलला, आणि — शांतता. तीस वर्षांत माझ्या डब्यापुढे अशी शांतता पडली नव्हती. गोदाकाकूंनी डोळे मिटले, उघडले, दुसरा तुकडा घेतला.

"विमल! लई भारी गं! काय म्हनायचं याला?"

"थराची वडी," मी म्हणाले. नाव तिथल्या तिथे सुचलं.

"तू केली?"

बघा — इथे मला फक्त 'सुनेनं' एवढंच म्हणायचं होतं. तीन अक्षरं. पण सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कुणी खलबत्ता मागत नव्हतं. मी म्हणाले, "मग काय!"

हा माझा गुन्हा नाही. म्हणजे आहे, पण खरा तो नाही. एवढं तर कुणीही करेल — करेल ना? खरा गुन्हा संध्याकाळी घडला.

प्राजक्ता कामावरून आली, पर्स खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "आवडले का हो सगळ्यांना?" ताट मी घासून पालथं घातलं होतं. मनात एकच भीती — आवडले म्हटलं तर ही खुशीत येणार, सुट्टी काढून एखाद्या गुरुवारी मंडळात येणार, आणि गोदाकाकू हिच्यासमोर माझं कौतुक करणार. मी पदराला हात पुसले आणि म्हणाले, "अगं, त्यांना असलं चालत नाही. आंबट लागलं म्हणे. निम्मे तसेच राहिले, येताना गाईला घातले."

तिचा चेहरा उतरला. मग तिनं हसायचा प्रयत्न केला. "गाईनं तरी खाल्ले का?"

आणि मी — याला काय म्हणावं मला अजून कळत नाही — मी म्हणाले, "हुंगून सोडले बाई."

काय गरज होती? गाईपर्यंत जायची काही गरज होती का? त्या बिचाऱ्या गाईचा माझ्या शंकरपाळीशी काही संबंध नव्हता. पण तिचा चेहरा बघून मला क्षणभर बरं वाटलं होतं. आता म्हटलंच आहे तर तेही सांगते. बरं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी तिनं ओव्हन पुसून, खोक्यात घालून, सागरकडून माळ्यावर ठेवून घेतला. त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही.

आणि माझी पंचाईत सुरू झाली. कारण मंडळाला वड्यांची चटक लागली होती. दर पंधरा दिवसांनी गोदाकाकूंचा निरोप यायचा. मला कुठे काय येत होतं? निवृत्त होऊन घरी बसलेल्या यांना विश्वासात घ्यावं लागलं, कारण माळ्यावरून ओव्हन उतरवायला दुसरा माणूस हवा. "तिनं केलेलं मी केलं म्हणाले, एवढंच," मी यांना सांगितलं. गाय वगळली. हे म्हणाले, "सांगून टाक तिला." मग मी पहिली वडी दिली, तेव्हापासून गप्प आहेत. कडेचे करकरीत तुकडे यांचे, असं ठरलं.

ओव्हनच्या खोक्यात तिच्या अक्षरातला कागद सापडला. सगळं प्रमाण लिहिलेलं. खाली एक ओळ — 'पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये. आईंना घाई असते, लक्ष ठेवणे.' मी तो कागद वाचला आणि पहिल्याच दिवशी गरम असताना कापलं. सगळे थर एकमेकांत मिसळून पिठल्यासारखं ताटभर पसरलं. ते आम्ही दोघांनी दुपारी चमच्यानं खाऊन पुरावा संपवला.

क्रीम चीज आणायला गेले तर दुकानदारानं विचारलं, "सूनबाई करणार का?" मी तिथे परत गेले नाही. मग डेअरीचा चक्का बांधून, पाणी काढून तेच वापरायला लागले. आता गंमत बघा — चक्क्यानं वडी खरोखर आंबटसर होते. तिची नव्हती. माझी आंबट, आणि बायका म्हणायच्या, "वा, काय चव आलीय!"

सगळ्यात कठीण म्हणजे वास. लोणी भाजल्याचा वास घरातून जाता जात नाही आणि प्राजक्ता सहाच्या आत घरी यायची. उपाय एकच होता — मिरच्या भाजायच्या. वड्या झाल्या की तव्यावर मिरच्या, लसूण, शेंगदाणे टाकून ठेचा करायचा. घरभर ठसका. हे खिडकीत उभं राहून शिंकायचे. गरम ओव्हन माळ्यावर चढवता येत नाही म्हणून त्यावर गोधडी टाकून त्याचा कपड्यांचा ढीग करायचा. एकदा तिनं विचारलं, "आई, गुरुवारी ठेचाच का असतो? काही नवस आहे का?" मी हो म्हणाले. तेव्हापासून वड्या असोत-नसोत, दर गुरुवारी ठेचा; आणि ती, पित्त होत असून, नवसाचा म्हणून तो भाकरीला लावून खायची.

अशी चार वर्षं गेली. मधे ईरा झाली, माझी नात. तिच्या पहिल्या वाढदिवसाला केक विकत आणला. मैत्रिणी प्राजक्ताला म्हणाल्या, तू घरी करायचीस ना? ती हसत हसत म्हणाली, "मी? माझे बार गाईनंसुद्धा खाल्ले नव्हते!" सगळ्या पोट धरून हसल्या. ती ते फार छान रंगवून सांगते — गाय कशी आली असेल, कसं तोंड वळवलं असेल. कंपनीतही सांगते. मी वाट्यांत चिवडा भरत होते. भरत राहिले.

गेल्या महिन्यात एका रविवारी गोदाकाकू घरी आल्या. दार प्राजक्तानं उघडलं. मी आत पोळ्या लाटत होते.

"सासूला सांग, मंडळाचा वर्धापनदिन हाय. थराच्या वड्या पायजेत, दोन मोठी ताटं."

"कसल्या वड्या, काकू?"

"आता गं बया! घरात ऱ्हातीस आन् ठाव न्हाई? खाली बिस्कीट, मधी पांढरं, वर पेरू! चार वरसं झाली खातोय आमी."

माझ्या हातातली पोळी लाटता लाटता फाटली. काकू गेल्या. प्राजक्ता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चिडलेली नव्हती, गोंधळलेली होती. "आई, पण त्यांना तर ते आवडले नव्हते ना?"

यापेक्षा सोपी संधी कुणाला मिळते? तिनंच दार उघडून दिलं होतं. मी फक्त बाहेर यायचं होतं.

मी म्हणाले, "तुझे जरा आंबट झाले होते गं. मी म्हटलं, आपण नीट शिकावं आणि एक दिवस तुला करून दाखवावं. तुला वाईट वाटलं होतं ना तेव्हा."

"चार वर्षं शिकत होतात?"

"माझा हात हळू आहे."

बाहेर यांना पेपरच्या मागे खोकला आला. मला वाटलं, आता पकडले गेले. पण प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे हात पिठाचे होते तरी तिनं मला मिठी मारली. "माझ्यासाठी? या गुडघ्यांनी माळ्यावरून ओव्हन काढून?" ती म्हणाली, "मला शिकवा ना, आई."

आणि मी शिकवलं. खुर्ची टाकून ओट्याजवळ बसले आणि तिचाच पदार्थ तिला शिकवला. चुरा असा दाब. गर अजून आटव. ती प्रत्येक गोष्टीला "असं का, आई?" विचारायची आणि मी सांगायचे. चक्क्याऐवजी क्रीम चीज घालून बघू का, असं तिनं भीत भीत विचारलं. मी म्हणाले, बघ बाई, तुला वाटत असेल तर.

वर्धापनदिनाच्या सकाळी तिनं दोन्ही ताटं कापली. कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ, थर वेगवेगळे दिसणारे, वरचा चुरा जिथल्या तिथे. एक तुकडा बशीत घालून तिनं माझ्यापुढे धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी खाल्ला. चार वर्षांत मी केलेल्या सगळ्या वड्या एका बाजूला ठेवल्या तरी त्याची सर आली नसती.

"जमलंय का, आई?"

"बरं झालंय," मी म्हणाले. "पुढच्या वेळी साखर थोडी कमी घाल."

तिनं लगेच वही काढून ते लिहून घेतलं.