प्रिव्ह्यूमध्ये आलेली सासऱ्यांची होडी

सुरुवातीलाच सांगतो, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. असणार कसा? आमच्या देवबागात जी काही भुतं फिरतात, त्यातली निम्मी मीच तयार करून सोडलेली आहेत! माडावर बसून विडी मागणारा दाढीवाला... माझा. खाडीवरची कंदीलवाली बाई... तीही माझीच. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसणार, हे ठाऊक आहे. हसा. गावही हसतंय.

माझा धंदा म्हणजे घरी बसून जाहिरातींना आणि रील्सना आवाज लावून देणं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी वाळू आणि त्या वाळूवर लॅपटॉप घेऊन मी. त्या दिवशी एका होमस्टेवाल्याचा सकाळीच फोन... "सुरवातीक होडी येताना आयकाक व्हयी. आपली वाटाक व्हयी. आणि दुपारपर्यंत व्हयी!"

तुम्ही म्हणाल, दारात होड्या आहेत, रेकॉर्ड कर. केलं हो! माइकमध्ये वारा असा शिरला, की कोणीतरी ताडपत्री फाडतंय असं वाटलं. म्हणून सॅम्पलर उघडला. सॅम्पलर म्हणजे कम्प्युटरातला बाजा, कुठलाही आवाज त्यात घाला आणि वाजवा. त्याच्याबरोबर मिळालेल्या परदेशी लायब्ररीत इतके आवाज, की अरबी समुद्रात तेवढे बांगडे नसतील. नावावर गेलं की आवाजाचा नमुना वाजतो. त्याला प्रिव्ह्यू म्हणतात. आपण खालचा बाण दाबत राहायचं. क्षणभर ऐकायचं, पुढे. बुर्रर्र... नको. भोंऽऽ... नको. फेरीबोट, स्पीडबोट, कुठल्याशा तळ्यातली बोट आणि तिच्यामागे बदकं! बाण दाबून दाबून बोटाला घट्टा पडला, डोक्याचा भुगा झाला, पण आपली वाटेल अशी एक होडी मिळेल तर शपथ.

"दारात दर्या आसा, आणि हे डब्यात होडी शोधतत," माझी बायको सुलू स्वयंपाकघरातून ऐकवत होती.

आणि तेवढ्यात... टुक-टुक-टुक-खॉक्!

बाणावरचं बोट सवयीने पुढे गेलंसुद्धा होतं. मागे आलो. टुक-टुक-टुक-खॉक्. आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही, पण आमच्याकडे कोणाची होडी येतेय ते इंजिनावरून ओळखतात. घरातली बाई तो आवाज ऐकूनच चहाचं आधण ठेवते. आणि चौथ्या ठोक्याला असं खोकणारं इंजिन अख्ख्या किनाऱ्यावर एकच आहे... माझ्या सासऱ्यांचं.

"बाबा इले!" म्हणत सुलू मासळीची पाटी घेऊन धावलीसुद्धा. परत आली ती तणतणत. "थंय कोणच नाय. मस्करी कसली करतात?"

"मी काय नाय केलंय गो! ह्या बघ, हय नुसता 'मोटरबोट' लिवलाहा." तिच्यादेखत परत लावलं.

यावेळी इंजिन खोकलं आणि बंद पडलं. होडीच्या फळीवर पाणी चुबकत होतं. मग खड्... खड्... इंजिन सुरू करायला हॅण्डल मारल्याचा आवाज. आणि मग स्वच्छ, खणखणीत आवाजात... "आवशीचो घो!"

ही शिवी कुठल्या परदेशी लायब्ररीत मिळते, मला कोणीतरी दाखवाच.

पाठोपाठ आलं "डुबुक्". मग नुसतं पाणी. फाइल जेमतेम चार सेकंदांची, आणि आम्ही ऐकतोय... तिकडे गॅसवरचा चहा उतू गेला तरी ऐकतोय.

सुलू पांढरीफटक पडली. "बाबा पडले."

सासरे पहाटे एकटेच गेले होते. एव्हाना यायला हवे होते. त्यात ओहोटी लागलेली. बंद पडलेली होडी अशा वेळी खाडीच्या तोंडातून थेट बाहेर समुद्रात जाते.

लॅपटॉप काखेत मारून मी किनाऱ्यावर. पर्यटकांना फिरवणारा बाळग्या तिथे होडी धूत होता. त्याला सगळं सांगितलं, आवाज लावला. त्याच फाइलमधून आता बुर्रर्र... आणि वर सीगल पक्ष्याची ओरड! परत लावला. बुर्रर्र. सीगल!

"बाबल्या, गेल्या म्हयन्यात देवमासो तुका नमस्कार करून गेलो," बाळग्या म्हणाला, "आणि आज सासरो कम्प्युटरात बुडालो?"

"आवशीशपथ, पयल्यांदा खरा बोलतंय रे!"

"असा तू दर खेपेक सांगतस."

कपाळ बडवून घ्यायचं बाकी होतं. आणि मग सुलू पुढे झाली. ही बाई कंटाळवाणं लग्न टाळायला 'डोकं दुखतंय' एवढंही खोटं बोलत नाही. ती शांतपणे म्हणाली, "बाळग्या, बाबांचो फोन इललो. इंजिन बंद पडलाहा, होडी भायर व्हावता. बेगीन चल."

बाळग्याने पुढे एक शब्द विचारला नाही. होडी ढकलली आणि गेला.

सासऱ्यांना ओढत आणलं तेव्हा ते खूप बाहेर, फळी हातात घेऊन वल्हवत होते म्हणे. उतरले ते करवादतच. "ह्यांडल हातातसून सुटला नि गेला पाण्यात! नवा ह्यांडल!"

म्हणजे ते 'डुबुक्' हॅण्डलचं! सुलू तिथेच वाळूत बसली.

"तरी बरा, फोन तरी केलास," बाळग्या म्हणाला.

"कोणी? माझो फोन घराकडे, फ्रिजार."

सगळे सुलूकडे बघायला लागले. ती उठली, वाळू झटकली आणि म्हणाली, "दमलात. पयली च्या घेवा."

आता गावात लेकीचंच कौतुक चाललंय, ऐका... चेडवाच्या काळजाक कळला! म्हणजे आयुष्यभर खोटी भुतं मी वाटली आणि एकच खरं काय ते घडलं, तर त्यात माझं नावच नाही. सुलूला म्हटलं, चारचौघांत सांग तरी. तर म्हणते, "एकदा खोटा बोललंय ता पुरे. माका तुमच्या गजालींत घेव नकात." मुंबईच्या साउंडवाल्या मित्राला फाइल पाठवली. त्याला सीगल. लायब्ररी काढून परत टाकली. सीगल! होमस्टेवाल्याने तर कंटाळून दुसऱ्याकडून बासरी लावून घेतली.

सासरे नवं हॅण्डल लावून पुन्हा जायला लागलेत, आणि फोन अजूनही फ्रिजवरच असतो. त्यांना यायला जरा उशीर झाला, की सुलू ओल्या हातांनी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहते. "लावा." मी बाण दाबतो. बुर्रर्र. "फुडे." भोंऽऽ. "फुडे." बदकं. सगळ्या परक्या होड्या संपेपर्यंत ती श्वास सोडत नाही.

त्या दिवशी ते कुठून आलं, कसं आलं, मला अजून कळलेलं नाही. तिलाही नाही. मी लॅपटॉप मिटायला जातो, तर खांद्यावर हात ठेवून म्हणते,

"परत एकदा. सावकाश."