कामाला असतात तसे हात

सगळं हॉस्पिटल त्यांना घासणीबाई म्हणायचं. तोंडावर ‘सिस्टर’, पाठीमागे घासणीबाई. आणि बाईंना दोन्ही ऐकू यायचं. शस्त्रक्रियेच्या वॉर्डाला लागून ड्रेसिंगची खोली होती, तिथे त्यांचं राज्य. हातमोजे त्या काळी ऑपरेशनपुरतेच मिळायचे, ड्रेसिंग उघड्या हातांनी व्हायचं. म्हणून एका पेशंटची पट्टी झाली की दुसऱ्याकडे वळण्याआधी बाई नळाशी जायच्या, कढत पाणी सोडायच्या आणि ताठ केसांच्या ब्रशने कोपरापर्यंत हात असे घासायच्या, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. शिकाऊ असताना त्यांच्या मेट्रनने सांगितलं होतं, ‘लाल होत नाही तोवर स्वच्छ नाही.’ मेट्रन कधीच गेल्या. वाक्य बाईंच्या कातडीत राहून गेलं.

त्या कातडीची दशा काय सांगावी! आटलेल्या तळ्याच्या तळासारखे हात झाले होते. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांच्या कडा सोललेल्या. पण याचं कुणाला वाईट वाटत नसे. उलट नवी नर्स आली की मोठे डॉक्टर तिला बाईंसमोर उभी करायचे. “बघून ठेवा. याला म्हणतात नर्सचे हात!” बाई वरवर फणकारायच्या आणि आतून सुखावायच्या.

घरी सासूबाई वेगळंच म्हणायच्या. “हिने भांडं घासलं की कल्हई राहत नाही. पेशंटांचं काय राहत असेल, देव जाणे!”

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो डोळ्याला भिंग लावून गालातल्या गालात हसायचा.

त्या वर्षी वॉर्डातल्या जखमा चिघळायला लागल्या. पहिला बसड्रायव्हर. हर्नियाचं ऑपरेशन झालेला, तगडा, बडबड्या. एका सकाळी बाईंनी पट्टी सोडली तर टाक्यांच्या कडा लाल, फुगलेल्या. जरा दाबल्यावर पू. मग पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली एक शिक्षिका. मग अपेंडिक्सची कॉलेजातली मुलगी. शरीर आपलं दार लावून घ्यायला निघालेलं असताना कुणीतरी मधे पाय घालत होतं.

बाई हात धुवून त्याच्या मागे लागल्या. गॉजचे ड्रम पुन्हा वाफेच्या यंत्रात घातले, चिमटे उकळले, आयोडीनच्या उघड्या बाटल्या ओतून दिल्या, पडदे उतरवले.

“सिस्टर, आता भिंती काढू का उकळायला?” वॉर्डबॉयने विचारलं.

“निघत असतील तर काढ. आणि तोंड आधी उकळून घे.”

लॅबमधून एकेकाचा निकाल आला. ड्रम स्वच्छ. चिमटे स्वच्छ. पाणीसुद्धा स्वच्छ.

“मग माणसंच राहिली,” बाई मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या. “सगळ्यांची नाकं आणि हात तपासा. तुमच्यासकट.”

“माझ्यासकट,” डॉक्टर म्हणाले. “उद्या सकाळीच.”

वॉर्डात एकच गहजब झाला. “आम्ही काय चोर आहोत?” असं म्हणत मावशी फरशी पुसायचं सोडून उभ्या राहिल्या. या मावशी बाईंइतक्याच जुन्या. वॉर्डात बाईंशी भांडायची मुभा फक्त त्यांना. “आणि बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? हात दाखवून अवलक्षण!”

“अवलक्षण असेल तर दिसायलाच हवं,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी हात धुताना साबण भेगांत झोंबला. रोजच झोंबायचा. त्या दिवशी मात्र बाईंचा हात नळाखालीच थांबला. त्या ओल्या हातांनी नवऱ्याच्या टेबलाशी गेल्या.

“अहो, ते भिंग द्या जरा.”

दिव्याखाली त्यांनी उजव्या हाताची तर्जनी धरली. भिंगातून ती भेग ओढ्याच्या पात्राएवढी दिसली. नखाच्या मुळाशी पिवळसर खपली होती.

“काय दिसतंय?” नवऱ्याने विचारलं.

“भेग.”

“आत काही आहे?”

“आत दिसत नाही. ब्रशही पोचत नाही तिथे.” मग भिंग खाली ठेवत म्हणाल्या, “जंतू मीच नेऊन पोचवत होते की काय?”

बाईंना दोन गोष्टी लख्ख दिसत होत्या. ड्रेसिंगची खोली गेली तर त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं फारसं काही उरत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट अगदी सोपी होती. तपासणीच्या आधी स्पिरिटने बोटं चोळली असती, तर कदाचित लॅबच्या ताटलीत काही उगवलंही नसतं. कुणाला कळलं नसतं. शंका चिमट्यांवर, हवेवर, नाहीतर बिचाऱ्या मावशींच्या फडक्यावर राहिली असती.

सकाळी त्यांनी ट्रॉली काढली नाही. किल्ली धाकट्या नर्सच्या हातात ठेवली. “आजपासून तू कर. ऑपरेशनच्या खोलीतून हातमोजे मागून घे, माझं नाव सांग. नाही म्हणाले तर मला बोलव.”

लॅबवाला कापसाच्या काड्या घेऊन आला. बाई रांगेत पहिल्या.

“अहो, स्पिरिट तरी लावून घ्या,” मावशी कानाशी कुजबुजल्या. “एवढी बाटली समोर आहे.”

“नको. कामाला असतात तसेच बघू दे.” त्यांनी तर्जनी पुढे केली. “इथून घे. भेगेतून. नीट फिरव, मी ओरडणार नाही.”

निकाल यायचा तोच आला. ड्रायव्हरच्या पुवातला जंतू आणि बाईंच्या भेगेतला जंतू, एकच. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावून खुर्ची दिली.

“फुटलेली कातडी धुतली जात नाही, सिस्टर. नुसती आणखी फुटते. जंतूंना तिथे घर मिळतं.”

“म्हणजे मी धुवून धुवून...”

“तुम्ही एकट्या नाही. मी रोज हे हात बघत होतो. बघत काय, मिरवत होतो. डॉक्टर म्हणून बघायला हवे होते.” त्यांनी औषधाचा कागद पुढे ओढला. “मलम देतो. ब्रश बंद. कोमट पाणी, साधा साबण. भेगा भरेपर्यंत जखमेला हात लावायचा नाही.”

“वॉर्डात मीच सांगते,” बाई म्हणाल्या.

आधी त्या ड्रायव्हरच्या खाटेशी गेल्या. बायको शेजारी बसली होती. बाईंनी सरळ सांगितलं, “तुमची जखम पिकली ती माझ्या हातामुळे. माझ्या बोटातला जंतू निघालाय.”

बायको ताडकन उठली. “वा! आणि आमच्या मुलांना भेटायला येताना हात धुवा म्हणून दारातून परत पाठवत होता तुम्ही!”

“हो,” बाई म्हणाल्या. “पाठवत होते.”

ड्रायव्हर, तो एवढा बडबड्या माणूस, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. माफी मिळेल या आशेने नव्हे. मग पुढच्या खाटेकडे, शिक्षिकेकडे गेल्या, आणि तेच पुन्हा बोलल्या. तिसऱ्या खाटेवरच्या मुलीलाही सांगितलं. एकही शब्द न गाळता.

पुढचे दिवस कठीण गेले. घरी सासूबाई आपणहून भांडी घासायला बसल्या आणि प्रत्येक भांड्यागणिक सुनेला ऐकवत राहिल्या, “मलम लाव. लावलंस? दाखव.” वॉर्डात बाई चादरी मोजत, औषधांच्या बाटल्या मांडून ठेवत, आणि नळाशी उभ्या राहून प्रत्येकीचे हात बघत. घासणाऱ्या पोरींना त्या आता थांबवायच्या. “पुरे. सोलू नकोस. कातडी हीच पहिली पट्टी.” मावशींचेही हात त्यांनी उलटेपालटे करून बघितले, मावशी “लग्नाला स्थळ बघताय काय?” म्हणाल्या तरी.

नव्या ऑपरेशनच्या जखमा कोरड्या राहू लागल्या. ड्रायव्हरची जखमही हळूहळू तळापासून भरत आली. घरी जायच्या सकाळी धाकटी नर्स शेवटची पट्टी बदलत होती, तेव्हा तो दाराकडे बघून म्हणाला, “घासणीबाई कुठेत? त्यांना दाखवल्याशिवाय बांधू नका.”

बाई आल्या. वाकल्या. कडा गुलाबी होत्या, जुळलेल्या. ओल नाही, सूज नाही. इतक्या दिवसांत एवढं सुरेख काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

“दाबून बघा की,” ड्रायव्हर म्हणाला. “तुमच्या हाताने बघितल्याशिवाय मला पटायचं नाही.”

बाईंचे हात जवळजवळ भरले होते. एकच भेग उरली होती, बारीक, केसाएवढी. त्यांनी हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले.

“अजून नाही,” त्या म्हणाल्या, आणि धाकटीकडे वळल्या. “दाब तू. कडेपासून. आणि याच्या तोंडाकडे बघत राहा, हा दुखलं तरी सांगायचा नाही.”