पानाची पालथी बाजू

पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला वाफ देता देता ती हल्ली हरवायची. वाफेने त्वचेची रंध्रं मोकळी होतात, हे ती रोजच सांगायची. पानांनाही रंध्रं असतात असं बारावीच्या जीवशास्त्रात वाचलं, आणि तेव्हापासून खिडकीतली कुंडी तिला तोंड उघडं टाकून झोपलेल्या पोरासारखी दिसायला लागली.

"वहिनी, झाडाचं फेशियल कधी?" नणंद चिडवायची.

"आधी तुझं. जास्त गरज तुला आहे."

लग्नात सुटलेली बारावी ती आता बाहेरून देत होती. पास झाली तरच नर्सिंगला प्रवेश, आणि वयाची अट पाहता ही संधी शेवटची.

प्रात्यक्षिकाला नेमकं तेच आलं. पानावर पारदर्शक नेलपेंट लावायचं, वाळलं की पापुद्रा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रं दाखवायची. ती गालातल्या गालात हसली. नेलपेंट! एका झटक्यात पान रंगवून मोकळी.

डोळा लावला तर नुसती फरसबंदी. पेशीला पेशी चिकटलेली, रंध्राचा पत्ता नाही.

"आकृती पाठ आहे ना? द्या ठोकून," शेजारची मुलगी कुजबुजली.

पेन्सिल कागदाला टेकली, तेवढ्यात परीक्षक बाई मागे उभ्या.

"दिसली रंध्रं?"

"नाही हो मॅडम." खरं ते निघूनच गेलं तोंडातून.

"रंगवली कुठली बाजू?"

तिने पानाकडे पाहिलं. वरची, चकचकीत. नखाची रंगवतात तशी! तिने जीभ चावली. "सवय हो मॅडम. पार्लर आहे माझं."

बाईंनी हसू दाबलं. "पालथं करा. वेळ आहे अजून."

खालची बाजू फिकी, मऊ. तिने हलकेच ब्रश फिरवला, फुंकर घातली. आपण फुंकतोय की पान, तिला कळेना.

आणि मग दिसली. इवले इवले ओठ, अर्धवट मिटलेले, काहीतरी सांगता सांगता थांबलेले. प्रयोगशाळा, घड्याळ, सगळं लांब गेलं.

"अहो, बघत काय बसलात? आकृती काढा!" बाई म्हणाल्या.

तिने काढली. बाईंनी भिंगातून ताडून पाहिलं. "खालीच जास्त का?"

"वर ऊन ना. सगळं पाणी उडून जाईल बिचाऱ्याचं."

"बिचाऱ्याचं लिहू नका म्हणजे झालं." बाईंनी पूर्ण गुण मांडले. "पुढे काय करणार?"

"नर्सिंग."

"मग इंजेक्शन देताना बाजू तेवढी बघून घ्या!"

बाहेर जिन्यात एक कुंडी होती. ती वाकली आणि एका पानाखाली गाल नेऊन उगीच थांबली.