नानांची कंप्लेंट नाही

कुलूप या वस्तूवर ज्याचा काडीचाही विश्वास नाही असा माणूस जगात बहुधा एकच उरला असावा, आणि तो आमच्या जळगावच्या पाइप फॅक्टरीत डिस्पॅच सांभाळतो. त्यांच्या टेबलाच्या खणाला कुलूप नाही, गाडीची किल्ली गाडीलाच लटकलेली असते, आणि घराच्या दाराला जी कडी आहे ती फक्त कुत्रं आत येऊ नये म्हणून आहे. त्यांना मॅनेजरसाहेबांपासून हमालांपर्यंत सगळे नाना म्हणतात. नाना मूळचे धुळ्याकडचे. ऑफिसात ते पुस्तकी मराठीत सुरुवात करतात आणि तिसऱ्या वाक्याला अहिराणीत उतरतात. मी पहूरचा, आमचं बोलणं जामनेर तालुक्यातलं. नानांच्या मते ती बोली नसून सर्दी झालेली मराठी आहे.

माझं काम कंपनीतले कॉम्प्युटर चालू ठेवण्याचं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. नोकरी लागली तेव्हा जळगावात ओळखीचं कोणी नव्हतं. खोली मिळेपर्यंत माझ्याकडे राहा, असं नाना पहिल्याच दिवशी म्हणाले. हे "मिळेपर्यंत" उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत लांबलं, कारण मी पसंत केलेली प्रत्येक खोली नाना स्वतः येऊन नापास करत. एकीत ऊन फार येत होतं, एकीत मुळीच येत नव्हतं, आणि एक सर्व बाजूंनी चांगली निघाली तेव्हा मालकाचा चेहरा त्यांना आवडला नाही. त्या काळात त्यांच्या घरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी जितकी खाल्ली तितकी माझ्या आईच्या हातचीही खाल्ली नसेल. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते या माणसाविषयी आहे, हे मला लिहिताना एक क्षणही विसरता येत नाही.

नानांचं ऑफिस म्हणजे यार्डातल्या कडुलिंबाखालची एक प्लास्टिकची खुर्ची आणि एक टेबल. टेबलावर त्यांचा फोन उताणा पडलेला असे. त्याला ना पिन, ना अंगठा. ज्या ड्रायव्हरची बॅटरी संपली असेल त्यानं तो सरळ उचलायचा, घरी बोलायचं आणि परत ठेवायचा. कोणता ट्रक कुठं पाठवायचा याचे मेल पुण्याच्या हेड ऑफिसातून याच फोनवर येत, आणि नाना ते यार्डभर ऐकू जातील असे मोठ्यानं वाचत. मेलला ते टपाल म्हणत. उत्तर देताना ते कधीही एकट्या माणसाला देत नसत, यादीतल्या सगळ्यांना देत. "एकानं विचारलं म्हणून त्यालाच वाढायचं आणि बाकीची पंगत उपाशी ठेवायची का?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या कंपनीचे थेट संचालकसुद्धा नाशिकची गाडी निघाल्याचं आणि नानांच्या सुनेला मुलगा झाल्याचं एकाच टपालात वाचत. पुण्याच्या एका अधिकाऱ्याचं आपण रजेवर असल्याचं आपोआप जाणारं उत्तर आलं, तर नानांनी उलट कळवलं, "प्रकृतीला जपा. इकडची चिंता करू नये."

पण त्यांची खरी हौस फोटोची. गाडी भरून ताडपत्री बांधली की नाना ड्रायव्हरला गाडीपुढे उभं करत, फोटो काढत आणि त्याच्या घरी पाठवत. खाली ओळ ठरलेली: "निघाला. जेवून निघाला." खोटं लिहायचं नाही म्हणून न जेवलेल्याला ते आधी जेवायला बसवत. एकदा एका घाईतल्या ड्रायव्हरनं ढाब्यावर शेवभाजी खाऊन आलो म्हणून सांगितलं. नाना त्याच्याजवळ गेले, नाक पुढे केलं आणि म्हणाले, "तुना तोंडले शेवभाजीना वास नही शे. बस खाले." तो बिचारा अलाहाबादकडचा, त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो बसला. अशा फोटोंनी तो जुना फोन इतका भरला होता की नवा फोटो काढला की तो थोडा वेळ विचार करी.

मग पुण्याहून नवा नियम आला. कंपनीचा मेल यापुढे फक्त कंपनीकडे नोंदवलेल्या फोनवर उघडेल. फोनला पिन हवी, तो फार जुना नको, आणि त्यात कंपनीचं एक ॲप हवं, म्हणजे फोन हरवला तर कंपनीला आपली माहिती लांबूनच पुसता येईल. कुठल्याशा शाखेत कोणाचा फोन चोरीला गेला होता आणि त्यात सगळे दर होते. नियम चुकीचा नव्हता, असं मला आजही प्रामाणिकपणे वाटतं. मात्र तो अमलात आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते दिवस आठवले तरी खांदे दुखतात. अकाउंटवाल्यांनी पिन लावली आणि विसरले. मॅनेजरसाहेबांनी अंगठा नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी तोच दारात चेंगरून घेतला. घरी जेवायला बसलो तरी समोरचा माणूस नोंदवलेला आहे की नाही, असं मनात येई.

नानांच्या फोनवर इंग्रजीत सूचना आली, "डिव्हाइस नॉट कंप्लायंट." मी यार्डात पोचलो तर जिलेबी वाटली जात होती.

"भाऊ, ये, ये! हाई पाह्य काय लिखेल शे! नॉट कंप्लेंट! इतली वरीस नोकरी करी, मनी एक बी कंप्लेंट नही. आते मशीन बी तेच सांगी ऱ्हायनं!"

हमाल टाळ्या वाजवत होते. माझ्या तोंडात जिलेबी कोंबली गेली होती. ती गिळून मी म्हणालो, "नाना, ते कंप्लेंट नाही. कंप्लायंट."

"म्हणजे?"

"म्हणजे नियमात बसणारा. तुमचा फोन नियमात बसत नाही."

नानांनी फोन उताणा टेबलावर ठेवला. मग हमालांकडे वळून म्हणाले, "खा रे तुम्ही. जिलेबी परत घेता येत नाही."

त्या दिवसापासून मी रोज दुपारी लिंबाखाली जाऊन बसू लागलो. दोनच रस्ते होते. नानांनी नवा फोन घेऊन तो नोंदवायचा, नाहीतर यार्ड सोडून केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बसायचं. कंपनीकडून फोन मिळत, पण ते अधिकाऱ्यांना, आणि नाना कागदोपत्री क्लार्क. नानांचा पुण्यातला मुलगा नवा फोन पाठवायला एका पायावर तयार होता.

"नव्या फोनले पिन लावनी पडी ना?" नाना विचारत.

"लावावी लागेल."

"मग पोऱ्हे घरी कसे बोलतीन? दर टायमाले मले उठाडतीन?" ड्रायव्हर कितीही म्हातारा असो, नानांच्या लेखी तो पोऱ्या.

"आणि आतलं तुम्ही पुसणार," नाना पुढे म्हणत.

"फक्त कंपनीचा भाग, नाना. फोटोंना हात लागत नाही."

"आज कंपनीचा भाग पुसशील. कोणता भाग कंपनीचा, हे उद्या कोण ठरवील? ड्रायव्हर कंपनीचा, गाडी कंपनीची. मग फोटो कुणाचा?"

शेवटी मी पुण्याला सवलत मागितली. तिकडच्या मॅडम समजूतदार होत्या, त्यांनी स्वतः फोन केला.

"तो फोन हरवला तर, सर?"

"मॅडम, तो टेबलावरून हलतच नाही."

"म्हणजे कोणीही उचलू शकतं?"

मी "हो" म्हणालो, कारण तेच तर खरं होतं. सवलत मिळाली नाही.

नियमाची मुदत संपायची त्या दिवशी सकाळी नानांनी फोन शर्टाला पुसला आणि माझ्यापुढे धरला. "कर तुझं काम."

"फोन हातात घ्यावा लागत नाही, नाना. माझ्या टेबलावरून होतं."

"हात न लावता?" त्यांनी फोन चटकन खिशात घातला आणि वरून हात ठेवला. मी वर गेलो, त्यांच्या नावापुढची खूण काढली, आणि फोनवरचं टपाल बंद झालं. खिडकीतून पाहिलं तर नाना फोन कानाशी नेऊन हलवून बघत होते, आतून काही सांडलं का ते.

आता नाना केबिनमध्ये बसतात. एसी आहे, गुबगुबीत खुर्ची आहे. टपाल मोठ्या पडद्यावर येतं, ते मनातल्या मनात वाचतात. गुडघे धरलेले, आणि दार स्टोअरच्या मागून वळसा घालून, त्यामुळे प्रत्येक गाडीला बाहेर येणं जमत नाही. यार्डाकडची काच उघडत नाही. घरी बोलायला कोणी फोन मागायला येत नाही. पण निघायच्या आधी ड्रायव्हर आपण होऊन काचेपलीकडे येऊन उभे राहतात. जेवल्याची खूण म्हणून पोटावरून हात फिरवतात. नाना आतून फोटो काढतात.

परवा त्यांनी मला हाक मारून फोन दाखवला. भुसावळच्या एका ड्रायव्हरच्या बायकोनं लिहिलं होतं, "हे सुखरूप पोचले. फोटोत यांच्या अंगावर चष्म्यातले कोण बाबा दिसतात?"

काचेत नानांचं प्रतिबिंब पडलं होतं. ड्रायव्हरच्या छातीवर त्यांचा चष्मा, त्यांचं टक्कल, फोन धरलेले दोन हात, सगळं पुसट, मागचा ट्रक आरपार दिसेल इतकं. आम्ही मागचे फोटो काढून पाहिले. केबिनमध्ये आल्यापासून प्रत्येकात नाना होते.

"काय लिखू रे हिले?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनीच एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, खास शुद्ध मराठीत लिहिलं, "तो मी आहे, ताई. मी कुठे निघालो नाही. इथेच आहे."