वाईवर ढकललेले दात

आमच्या नातीचे वरचे दात पुढे आले होते आणि एक सुळा शेजारच्या दाताच्या खांद्यावर चढून बसला होता. आष्ट्याला आमच्या घरात त्यांना 'वाईचे दात' म्हणत, कारण सूनबाईंचं माहेर वाईचं. हे नाव मीच ठेवलं. ते खोटं होतं. तोंडी सांगून पाहिलं, कुणी मानलं नाही, म्हणून आता लिहून ठेवतो.

माझे दात पांढरे आणि एका ओळीत आहेत. वरची कवळी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाआधी पलटणीत असताना ट्रकच्या फाळक्यावर तोंड आपटलं आणि लष्करी दवाखान्यात वरचे उरलेसुरले दात काढून ती बसवून दिली. "खरे दात याहून सरळ होते," असं मी बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. नव्या नवरीला माणूस काय काय सांगतो. ती विसरेल असं वाटलं होतं, पण तिनं ते गावभर केलं. माझे खरे दात पाहिलेलं माणूस तर आता उरलेलं नाही.

त्यामुळे नातीचे दात वाकडे आले तेव्हा चौकशी एकाच दिशेला गेली. सूनबाईंचे दात सरळ. व्याह्यांचे पाहिले, तेही बरे. ते वाईला घाटाजवळ पूजेच्या भांड्यांचं दुकान चालवतात. बायको मागं हटली नाही. तिनं लग्नाचा व्हिडिओ लावायला सांगितला आणि सूनबाईंचा मामा जिलेबीला तोंड उघडतो तिथं तो थांबवला. मामा दुपारभर आ करून टीव्हीवर बसला होता. येणारा-जाणारा जवळ जाऊन बघून जाई.

"थोडा तिरका हाय गड्या," शेजारी मला म्हणाला.

"हाय की," मी म्हणालो.

तेव्हापासून व्याही आमच्याकडे आले की तोंडावर हात ठेवून हसायचे. पुढं सूनबाईंनी त्यांना बोलावणंच सोडून दिलं.

नातीच्या दातांना तारा बसवायला सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाचे असे दात आहेत का?"

"हिच्या माहेरी," बायको म्हणाली. सूनबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी घाईनं विषय बदलला. म्हणालो, "बाई, आमच्या भागात, आटपाडीकडं, खिलार बैलाची शिंगं बांधून वळवतात. तसंच ना हे?"

"नाही आजोबा. शिंग वाढता वाढता वळतं. दात वाढून झालेला असतो, तो मुळासकट सरकतो." त्यांनी समजावलं ते असं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तार त्याला सारखी हलकेच ढकलते. ढकललेल्या बाजूचं हाड थोडं विरतं, मागं जागा होते तिथं नवं हाड भरतं. जोर लावला तर नुकसानच. आणि तारा काढल्यावरही काही काळ पट्टी लावायची, कारण नवं हाड कच्चं असतं आणि दातांना जुनी जागा आठवते.

मग त्यांनी नातीच्या दातांचा साचा घेतला. पुढच्या खेपेला टेबलावर प्लास्टरचे दात मांडलेले होते. ते माझं कवळीआधीचं तोंड होतं. सुळा त्याच खांद्यावर. माझी जीभ आपोआप त्या जागी गेली आणि कवळीवरून घसरली. महिन्या-महिन्याला सांगलीला जात राहिलो, नातीचं हाड जागा देत राहिलं, आणि मी गप्पच.

तारा निघाल्या त्या दिवशी घरी पेढे आणले. बायको म्हणाली, "सुटलं बाई वाईचं दात एकदाचं." सूनबाईंनी हातातला पेढा परत ठेवला.

"ते दात माझं हायत," मी म्हणालो, आणि पुरावा म्हणून कवळी काढून पेढ्यांच्या ताटलीत ठेवली. पण तोंडात दाखवायला काहीच नव्हतं. हिरड्या कुणाचीच साक्ष देत नाहीत.

"आवं, सुनंसाठी एवढं सोताच्या अंगावर घिऊ नगा," बायको म्हणाली.

"आबांचं मन लय मोठं," मुलगा म्हणाला. शेजाऱ्यानं डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सुना आपापल्या सासऱ्यांना माझं उदाहरण देऊ लागल्या. मी खरं आहे म्हणून जितका जोर लावावा तितका मी थोर होत गेलो.

सूनबाईंनी तेवढं कौतुक केलं नाही. त्यांनी कवळी उचलून धुतली आणि माझ्या हातात दिली.

"आबा, हे खरं हाय?"

"खरं हाय."

"मग वाईला चला. तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही दोघंच गेलो. व्याही दुकानात चिंच लावून घंटा घासत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते घासत राहिले. मग म्हणाले, "पाहुणे, परत सांगा. जरा मोठ्यानं." आणि त्यांनी शेजारच्या फुलवाल्याला हाक मारली.

मी परत सांगितलं, मोठ्यानं. कवळीही काढून दाखवली. फुलवाला हारातली सुई तशीच धरून ऐकत होता.

"आणि आमच्या मेव्हण्याचा दात?" व्याह्यांनी विचारलं.

"त्यो बी सरळ हाय. व्हिडिओवालाच तिरका उभा हुता."

व्याही हसले. हसता हसता हात तोंडावर गेला. सूनबाईंनी तो धरून खाली घेतला, तर दुसरा वर गेला.