नऊवारीवर बेतलेली जाळी

आमच्या ह्यांच्या मोटारसायकलनं मला जेवढा ताप दिला, तेवढा सासूबाईंनीही दिला नाही. हे ती बनवणाऱ्या मद्रासच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. गाडी मूळची विलायती. आधी ती खोक्यांत बंद होऊन बोटीनं यायची, लष्करासाठी इथे नुसती जोडायची. मग एकेक भाग इथेच बनायला लागला. नवा भाग जमला की हे जेवताना त्याचं पुराण लावायचे आणि माझी आमटी गार व्हायची. ड्रॉइंग मात्र सगळी विलायतेहून यायची, ह्यांनी फक्त उतरवून घ्यायची.

पुढे ती गाडी घरगुती गिऱ्हाइकांना विकायचं ठरलं, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की इकडच्या बायका मागे एका बाजूला पाय सोडून बसतात आणि त्यांची साडी चाकात जाते. विलायतेत ह्याचं ड्रॉइंग कुठून असणार! मागच्या चाकाला डावीकडून जाळी बसवायची होती, आणि ते काम ह्यांना मिळालं. स्वतःच्या डोक्यानं काढलेली ह्यांची ती पहिली वस्तू. साहेबांनी पास केली तर प्रत्येक गाडीवर चढणार होती.

आणि तपासायला कोण? मी! दर रविवारी टी. नगरहून समुद्रापर्यंत मला मागे बसवून वरात. साडी अडकली नाही की हे खूश.

अडकणार कशी? मी सांगलीची, सहावारीत वाढलेली. पण सासर तंजावरी मराठी, तिथे सुनेनं कासोटा घालून नऊवारीच नेसायची. ह्यांच्या घरात सगळ्याच नऊवारीवाल्या, तेव्हा ह्यांच्या लेखी बाई म्हणजे नऊवारी.

"अहो, कासोट्यात सगळं खोचलेलं असतं. लोंबायला आहे काय? सहावारीवालीला बसवून बघा."

"परवा नाही," हे म्हणायचे. त्यांच्या घरच्या मराठीत ह्याचा अर्थ 'काही हरकत नाही', थेट तमिळमधून उचललेला. सांगलीत त्याचा अर्थ होतो 'मला काय त्याचं!' ते दोन शब्द ऐकले की माझं पित्त खवळायचं.

साहेबांना जाळी दाखवायच्या आदल्या रविवारी मी ट्रंकेतून आईनं दिलेली अंजिरी सहावारी काढली.

"सूनबाई, हे काय नेसलीस? आमच्यात चालत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"जाळीला चालतंय का ते बघायचंय," मी म्हटलं आणि गाडीवर जाऊन बसले.

पांडी बाजार मागे पडला आणि गाडीनं वेग घेतला. निऱ्या वाऱ्यानं फुगल्या, जाळीच्या खालून आत गेल्या, आणि कुणी खसकन ओढावं तशी मी ओढली गेले. ह्यांच्या पाठीत बुक्की घालून ओरडले. ब्रेक लागला म्हणून वाचले. मी रस्त्यावर, गुडघा फुटलेला, साडी साखळीत.

"परवा नाही ना गं?" हे धापा टाकत म्हणाले. उत्तराची वाटही न बघता खाली वाकले आणि जाळीची कड कुठे संपते ते पट्टीनं मोजायला लागले. पट्टी खिशात घेऊन हिंडतो हा माणूस! भर रस्त्यात मी संतापानं रडले. आईची साडी होती हो ती! जमलेली माणसं तमिळमध्ये ह्यांनाच झापत होती, तेवढंच बरं वाटलं.

तो फाटका तुकडा वंगणासकट कागदात गुंडाळून ह्यांनी कारखान्यात नेला. मला विचारलंसुद्धा नाही. जाळी खाली वाढवली, खाली पाय ठेवायला फळी जोडली, आणि ती पास झाली. घरी येऊन म्हणाले, "झालं काम." मी अबोला धरला होता, म्हणून पुढचं काही विचारलं नाही.

बऱ्याच दिवसांनी ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याची बायको बाजारात भेटली. तिनं सांगितलं की ह्यांनी साहेबांसमोर तो तुकडा पसरला होता. कुणाची साडी म्हणून विचारल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "माझ्या बायकोची. ती पहिल्यापासून सांगत होती, मीच ऐकलं नाही. तिचा जीव गेला असता."

मी तरातरा घरी आले. हे कॉफी पीत बसले होते.

"अख्ख्या कारखान्याला सांगितलंत, मग मला सांगायला काय झालं होतं?"

ह्यांनी पेला खाली ठेवला. माझ्याकडे बघवेना त्यांना.

"तुझ्यासमोर धीर झाला नाही," म्हणाले.