लाल अक्षरांचा पडदा

ती घटना आजही आठवते आणि एकटा असलो तरी हसू येतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्याखाली. मी रिसोडला फौजदार होतो. प्रकरण सगळं नावापायी घडलं, पण मी नाव एकाचंही सांगणार नाही.

गावात क्रिकेटचे सामने भरले होते. बिडी कारखान्याच्या शेठजींनी खर्च उचलला आणि चषकाला आपल्या बिडीचं नाव दिलं. तेवढ्यानं त्यांची हौस भागेना. गोलंदाजाच्या पाठीमागे पांढरा पडदा बांधतात, त्यावरही त्यांनी पुरुषभर उंचीच्या लाल अक्षरांत बिडीचं नाव रंगवून घेतलं. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी पडदा गायब. शेठजी तावातावानं ठाण्यात आले. संशय अर्थातच गावातल्या दुसऱ्या बिडीवाल्यावर.

त्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, मले न्याचंच असतं तं चषक नसता का नेला? फडकं कायले नेऊ?" आणि निवांत चहा पीत बसला. चोराला ठाण्यातला चहा असा गोड लागत नाही, हा माझा अनुभव. त्याला घरी पाठवलं.

दुपारी हवालदारानं खबर आणली. ओढ्यावरच्या परटानं सांगितलं होतं, एक बाई भलंमोठं कापड उकळते आहे आणि पाणी लालभडक निघतंय. आम्ही गेलो. बाई शाळेतल्या एका मास्तरांची बायको. मास्तर गावच्या संघाचे सलामीचे फलंदाज. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पडदा का चोरला?" मी दरडावलं.

"चोरला नाई, धुऊन राह्यली. उद्या सकाळी जागेवर बांधाचा हाय."

"धुवायचा कशाला?"

"अक्षरं लाल, चेंडूबी लाल. परवाच्या मॅचले आमच्या मास्तरायले चेंडू दिसलाच नाई. भुवईवर तीन टाके पडले. बोटभर खाली बसता तं डोळाच गेला असता. उद्या पुन्हा त्याच पडद्यासमोर उभं राहाचं यायले."

जबाब लिहून घेतला. रंग निघायचा सोडून कापडभर पसरला होता. तो ओला लाल पडदा मैदानावर बांधला, शेठजींच्या हाती बॅट दिली आणि हवालदाराला चेंडू अगदी हळू टाकायला सांगितलं. "टाक नं बापा," शेठजी म्हणाले, तोवर चेंडू त्यांच्या पोटावर बसला होता.

पोट चोळत ते म्हणाले, "हा आला कधी?" तक्रार त्यांनी तिथंच मागं घेतली. शिवाय घरची कोरी धोतरं आणून दिली. बाईंनी ती जोडून संध्याकाळपर्यंत नवा पडदा शिवला. त्यावर एकही अक्षर नव्हतं, पण मैदानाच्या त्या टोकाला लोक पुढं कायम 'शेठचं धोतर'च म्हणत राहिले.

सामन्यात मास्तर दुसऱ्याच चेंडूवर बाद झाले. मला फार वाईट वाटलं. बाईंना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "आउट झाले तं झाले साहेब. दोन्ही डोळे घेऊन घरी येऊन राह्यले नं."

चोरी झाली की फायदा कोणाचा, हे आम्ही पोलीस आधी विचारतो. त्या दिवसापासून मी आणखी एक विचारू लागलो: ती वस्तू जागेवर होती, तेव्हा तिचा त्रास कोणाला होत होता?